मावशीची चटणीची वही टॅबवर आणली, त्याची पूर्ण हकिकत

माझी मावशी सोलापुरात साखर पेठेत राहते आणि घरूनच शेंगा चटणी, कडक भाकरी, धपाटे असं काम करते, वीस वर्षं होऊन गेली आता. तिची एक वही आहे. दोनशे पानी लाँगबुक, एकेरी रेघेची, डाव्या बाजूला समासाची गुलाबी रेघ असलेली. दहा किलो दाण्याला तिखट किती, लसूण किती, उन्हाळ्यात मीठ किती कमी करायचं, कुठल्या गिऱ्हाइकाला जिरं चालत नाही, सगळं त्यात. साठेक पानं भरलीत, बाकी कोरी आहेत. पुठ्ठा सुटलाय, मधल्या पिना गंजून कागद फाटलाय आणि तेल लागून लागून काही पानं अशी झालीत की मागच्या बाजूचं पुढून वाचता येतं.

गेल्या डिसेंबरात मावशीनं मला सांगितलं की हे कॉम्प्युटरवर करून दे. कारण साधं होतं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरतो, घरोघरी पाहुणे येतात, ऑर्डर एकदम वाढतात, आणि आता काम दोन ठिकाणी चालतं, भाजणं-कुटणं मावशीकडे आणि थोडा माल जुळे सोलापूरला वहिनीकडे. वहिनी दिवसातून पाच वेळा फोन करते, तिखट किती टाकू, आणि मावशी हात धुवून, वही उघडून, फोनवर वाचून दाखवते. मी चौदा वर्षं डीटीपी करते, लग्नपत्रिका, बिलबुकं, अहवाल, त्यामुळं मला वाटलं चार दिवसांचं काम आहे. दीड महिना लागला. का लागला ते नीट लिहून ठेवते, कारण घरातली अशी वही ज्यांना डिजिटल करायची आहे त्यांना ह्यातलं बरंच कामाला येईल.

पहिल्यांदा मी सरळ टाइप केलं. स्वच्छ टेबल, डावीकडे जिन्नस, उजवीकडे प्रमाण, वर ठळक हेडिंग, अक्षर मोठं. दिसायला खरंच छान होतं. मावशीनं टॅब हातात घेतला, वर केलं, खाली केलं, परत वर केलं, आणि उठून फडताळातून वही घेऊन आली. म्हणाली, "सगळं हाय गं ह्यात, पण मला सापडंना." मी म्हटलं अगं नावं तर लिहिलीत की. तर तिनं वही न उघडता मला सांगितलं की जवसाची चटणी डाव्या हाताच्या पानावर आहे, निम्म्याच्या खाली, तेलाचा मोठा डाग आहे ना त्याच्या जरा वर. उघडून बघितलं तर तिथंच होती.

म्हणजे मावशी वही वाचत नाही, वहीतल्या जागेवर जाते. वीस वर्षांत कुठलं काय कुठं आहे हे तिच्या हाताला माहितीय. मी टेबल केलं तेव्हा मजकूर सगळा आणला पण जागा सगळ्या पुसून टाकल्या. हे मला त्या दिवशी अर्धवटच कळलं, पूर्ण कळलं असतं तर पुढचे दोन आठवडे वाचले असते.

कारण त्यानंतर मी वहीसारखं "दिसेल" असं करायला घेतलं. फुकट मिळणारं जुन्या कागदाचं टेक्श्चर घेतलं, तपकिरी, सुरकुत्या असलेलं, कडा फाटल्यासारख्या, बाजूला स्पायरलचं चित्र (मावशीच्या वहीला स्पायरल कधीच नव्हतं), आणि त्याच्यावर हस्ताक्षरासारखा फॉन्ट. वहिनीला ते एकदम आवडलं. तीन दिवस वापरलं आणि चौथ्या दिवशी गडबड झाली.

गडबड समजायला मावशीची आकडे लिहायची पद्धत सांगायला लागेल. ती अपूर्णांक जुन्या पद्धतीनं लिहिते, दांड्यांनी. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. आमचे आजोबा गिरणीत हिशेबाला होते, त्यांच्याकडून तिनं हे घेतलं आणि ती दशांश चिन्ह कधीच वापरत नाही. मी पण जसंच्या तसं ठेवलं होतं, कारण तिची भाषा बदलायची नव्हती. आता त्या टेक्श्चरमध्ये कागदाचे उभे धागे होते, बारीक, गडद. आणि दहा किलो दाण्याच्या पानावर "तिखट १।" च्या शेजारी बरोब्बर एक धागा आला. वहिनीनं तो दीड वाचला. सव्वा किलोच्या जागी दीड किलो तिखट पडलं. मावशीनं चव घेतल्या घेतल्या ओळखलं आणि हिशेबही तिथंच केला, अजून दोन किलो दाणे भाजून घातले म्हणजे बारा किलोला दीड, प्रमाण परत तेच, वरून लसूण-मीठ वाढवलं आणि माल वाचला. पण चूक माझी होती. मी कागदाचा भास आणायच्या नादात अक्षराच्या मागं कचरा भरला होता.

देवनागरीत हा धोका जास्तच आहे. अनुस्वार म्हणजे एक ठिपका, दांडी म्हणजे एक रेघ, विसर्ग म्हणजे दोन ठिपके. मागच्या कागदावर ठिपके-रेघा असतील तर त्या नुसत्या सजावट राहत नाहीत, वाचल्या जातात. तेव्हापासून माझा नियम असा की मजकुराच्या मागं टेक्श्चर अजिबात नको. कागदाचा रंग द्यायचा तर सपाट द्यायचा. मी २५०-२४५-२३० (लाल-हिरवा-निळा ह्यांचे आकडे) हा रंग घेतला, जरासा सायीसारखा, आणि अक्षराला काळ्याऐवजी बॉलपेनचा गडद निळा. पांढऱ्याफट्ट पानावर काळं कुळकुळीत अक्षर असलं की ते छापील वाटतं, आणि एवढ्या दोन बदलांनीच ते निम्मं वहीसारखं वाटायला लागतं.

जाता जाता एक. वहीची नक्कल करायची ही हौस नवीन नाही. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये नोट्स पिवळ्या रेघांच्या पॅडसारख्या दिसायच्या, २०१३ ला आयओएस ७ आलं तेव्हा पिवळा कागद आणि रेघा काढून टाकल्या. तेव्हा मला ते सुटसुटीत वाटलं होतं. आता वाटतं की पिवळा रंग गेला तर चालतंय, पण रेघ ही सजावट नव्हती.

तर रेघ. खरं काम इथं सुरू झालं.

मी पट्टी घेऊन मावशीची वही मोजली. पान १७ बाय २७ सेमी. दोन रेघांत ८ मिमी. वर पहिल्या रेघेच्या आधी २६ मिमी मोकळं, मग २९ ओळी, डाव्या कडेपासून समास ३० मिमी. वर्डमध्ये पानाचा साइज तोच टाकला, कस्टममध्ये. ए-फोर घेतलं असतं तर पानाची ठेवणच बदलली असती, लाँगबुक लांबट असतं.

आता ८ मिमी म्हणजे किती पॉइंट? इंचाला ७२ पॉइंट आणि इंचाला २५.४ मिमी, म्हणजे ८ मिमीला २२.६८. लाइन स्पेसिंगमध्ये "एक्झॅक्टली" निवडून २२.७ टाकायचं. "सिंगल" अजिबात ठेवायचं नाही, कारण मग ओळीची उंची फॉन्ट ठरवतो आणि एखाद्या ओळीत फॉन्ट बदलला की तेवढीच ओळ फुगते. मी सुरुवातीला २२ टाकलं होतं, वाटलं एवढ्यानं काय होतंय. ओळीला ०.६८ चा फरक, २९ ओळींत जवळजवळ २० पॉइंट, म्हणजे ७ मिमी. वरच्या चार ओळी रेघेवर आणि पानाच्या मधल्या ओळी दोन रेघांच्या मधोमध. डोळ्याला लगेच कळतं की हे खोटं आहे, कुणाला कारण सांगता येणार नाही पण कळतं. आणि पॅराग्राफनंतर वर्ड आपणहून ८ पॉइंट जागा सोडतो, ती शून्य करायची. मधे ओळ सोडायची असेल तर एंटर मारून अख्खी ओळ सोडायची, वहीत आपण तेच करतो.

रेघा कुठं ठेवायच्या? हेडरमध्ये. हेडर उघडून तिथंच पानभर रंगाचा चौकोन, त्यावर रेघा, त्यावर समासाची रेघ, सगळं "बिहाइंड टेक्स्ट" करून ठेवलं की प्रत्येक पानावर आपोआप येतं आणि टाइप करताना हलत नाही. काम करताना ते फिकट दिसतं, घाबरायचं नाही, पीडीएफ काढली की पूर्ण रंगात येतं. रेघा फोटोच्या घ्यायच्या नाहीत, शेपच्या काढायच्या, कारण फोटोतल्या बारीक रेघा टॅबवर लहान-मोठं केलं की एक जाड एक पातळ दिसतात, मधलीच एखादी गायब होते. मी अर्ध्या पॉइंटच्या, फिकट राखाडी-निळ्या ठेवल्या. लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांना पेज स्टाइलमध्ये "पेज लाइन-स्पेसिंग" म्हणून सोय आहे, सगळ्या ओळी एकाच जाळ्यावर बसवते, ती पण चांगली आहे.

एवढं सगळं करून पान मावशीला दाखवलं. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "अक्षर रेघेवर का बसवलंस? माझं अक्षर रेघेला टांगलेलं असतंय."

मी वही परत बघितली. चौदा वर्षं मराठी अक्षरांतच काम करते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मावशी शिरोरेघ काढतच नाही. वहीची छापील रेघ हीच तिची शिरोरेघ. अक्षर वरून सुरू होतं आणि रेघेखाली लोंबतं, वेलांटी आणि मात्रा तेवढ्या रेघेच्या वर जातात. जुन्या पोथ्यांतसुद्धा अक्षर आखलेल्या रेघेला असंच टांगलेलं असायचं. आणि इंटरनेटवर वहीचे जेवढे टेम्प्लेट मिळतात ते इंग्रजी अक्षराचे, म्हणजे अक्षर रेघेवर उभं राहणारं, रेघ पायाखाली. त्यात मराठी टाकलं की उकार रेघेत घुसतात. "कुटून", "सुकं खोबरं", "फुटाणे", ह्यातला प्रत्येक उकार रेघेनं कापला जात होता आणि मी समजत होते की फॉन्ट बारीक आहे.

त्याच वेळी मला अजून एका गोष्टीचा उलगडा झाला. आधी मी वहीची पानं स्कॅन केली होती आणि नेहमीच्या सवयीनं लेव्हल्स (फिकट-गडदपणा) वाढवून मागच्या निळ्या रेघा उडवल्या होत्या, कुठलाही डीटीपीवाला करतो तसं. तर मावशीचं अक्षर एकदम विचित्र दिसायला लागलं होतं, मला वाटलं स्कॅन बिघडला. वाळत घातलेले कपडे तसेच ठेवून दोरी काढून घ्यावी तसं झालं होतं ते. रेघ हा तिच्या अक्षराचाच भाग होता.

मग दुरुस्ती सोपी होती. मजकूर नाही हलवायचा, हेडरमधल्या सगळ्या रेघा एकत्र निवडून वर सरकवायच्या, फॉन्टची शिरोरेघ छापील रेघेच्या अगदी अंगाला येईपर्यंत. प्रत्येक फॉन्टला वेगळं अंतर लागतं, डोळ्यानंच जुळवायचं. फॉन्ट मी "कलम" घेतला, इंडियन टाइप फाउंड्रीचा आहे, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, हातानं लिहिल्यासारखा आहे पण वाचायला स्वच्छ. १७ पॉइंट ठेवला. हे पान बघून मावशी काहीच बोलली नाही, नुसती वाचायला लागली, आणि मध्येच म्हणाली की इथं लसणाचा आकडा चुकलाय. तेव्हा मला कळलं की जमलं.

हस्ताक्षराबद्दल थोडं. माझी फार इच्छा होती की मावशीच्याच अक्षराचा फॉन्ट करावा. तिच्याकडून मुळाक्षरं, बाराखडी, आकडे लिहून घेतले. पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या यादीत, देवनागरीच्या मुख्य तक्त्यात १२८ जागा आहेत म्हणून १२८ आकारांत काम भागत नाही, जोडाक्षरं आली, वेलांटीच्या लांब-आखूड तऱ्हा आल्या, रफार आला, आकारांची संख्या काही शेवर जाते. बेताचा एक करून बघितला. प्रत्येक "क" सारखाच, अगदी जुळा. माणूस लिहितो तेव्हा एकाच ओळीतले दोन "क" सारखे नसतात. फॉन्टमध्ये आळीपाळीनं वेगळे आकार टाकायची सोय असते, पण ते मराठीसाठी नीट करायचं म्हणजे वेगळंच मोठं काम. मावशीनं बघितलं आणि म्हणाली, "अक्षर माझं हाय, पण मी लिहिलेलं नाही हे." ते वाक्य मला पटलं आणि मी तो नाद सोडला. तिनं लिहिलेली पानं स्कॅनच ठेवायची, रेघांसकट, डागांसकट, ३०० डीपीआय, रंगीत. आणि वहिनीसाठी टाइप केलेली प्रत वेगळी, कलममध्ये, पण पानाला पान आणि ओळीला ओळ तीच. मावशीच्या १८ व्या पानावर सतराव्या ओळीला जवस असेल तर टाइप केलेल्या प्रतीतही १८ व्या पानावर सतराव्या ओळीलाच. अर्धं पान मोकळं असेल तर मोकळंच ठेवायचं. टाइप करणाऱ्याला जागा वाया गेल्यासारखी वाटते, पण त्या मोकळ्या जागेनंच पान ओळखू येतं.

ह्या दोन प्रतींमुळं फोनवरचं बोलणं बदललं. आता मावशी म्हणते, उजव्या पानाला वरून तिसरी ओळ बघ, आणि वहिनीला तिसऱ्या ओळीला तेच दिसतं.

डावं-उजवं पान हा पण एक मुद्दा निघाला. पीडीएफ उघडली की साधारण खाली-खाली सरकत जाते, त्यात डावं-उजवं काही उरत नाही. ॲपमध्ये दोन पानांचा व्ह्यू असतो आणि त्यातच कव्हर पेज वेगळं दाखवायचा पर्याय असतो, तो चालू करायचा. नाहीतर पहिलं पान डावीकडे येतं आणि तिथून पुढं अख्ख्या वहीत डावं ते उजवं होतं. मी सुरुवातीला तो पर्याय चालू केलाच नव्हता, कशाला म्हणून, तर मावशीला प्रत्येक गोष्ट उलट्या हाताला सापडायला लागली. मग तो चालू केला. आणि सरकवणं आडवं केलं, एका वेळी एक जोडपान.

मावशी वहीत खुणेला जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या घालते, लाल पट्टी चटण्यांना, पिवळी भाकरीला. त्या पण आणल्या. पानाच्या उजव्या कडेला छोटे रंगीत चौकोन, एकाखाली एक, प्रत्येकाची उंची ठरलेली, आणि दाबलं की त्या पानावर. नुसत्या चौकोनाला दिलेली लिंक माझ्याकडे पीडीएफमध्ये चालली नाही, चौकोनात एक अक्षर टाकून त्या अक्षराला दिली तर चालली. मावशीकडे कुटायला येणाऱ्या अक्का पूर्व भागातल्या आहेत, घरी तेलुगू बोलतात, मराठी वाचायचा त्यांना कंटाळा येतो. त्यांना ह्या पट्ट्या सगळ्यात आधी कळल्या. लाल दाबतात, आकडे बघतात, काम चालू. दांडीचे आकडे त्यांना मावशीनं कधीच शिकवून ठेवलेत.

वहिनीच्या प्रतीत मात्र मी एक बदल केला, मावशीला विचारून. दांडीच्या पुढं शब्दात पण लिहिलं, १। सव्वा, १॥ दीड. मावशीच्या स्कॅनला हात लावला नाही.

राहिला लिहिण्याचा भाग. मावशी समासात लिहिते. मूळ प्रमाण मधे आणि वर्षावर्षाला काय बदललं ते समासात, बारीक अक्षरात, "गड्ड्याला लसूण वाढव", "ह्या वर्षी मिरची जहाल". वीस वर्षांचा अनुभव त्या तीन सेंटिमीटरच्या पट्टीत आहे. म्हणून टॅबवर पण समास मोकळा आणि लिहिता येण्यासारखा पाहिजे होता. पीडीएफवर स्टायलसनं लिहिता येतं, पण काचेवर पेन घसरतं, मावशीचं अक्षर तिलाच ओळखू येईना. त्यावर खरखरीत मॅट स्क्रीन गार्ड लावला, कागदासारखी पकड येते म्हणून मिळतो तो, त्यानं अक्षर बरंच सुधारलं. स्क्रीनची चमक थोडी कमी झाली, ते चालण्यासारखं आहे. पेनची जाडी बारीक, रंग लाल, कारण ती समासात लाल पेननंच लिहिते. खोडरबर मी त्या ॲपच्या पट्टीतून काढूनच टाकला. मावशी खोडत नाही, आडवी रेघ मारते आणि शेजारी नवं लिहिते, म्हणजे आधी काय होतं ते दिसत राहतं. मागच्या वर्षीचं प्रमाण परत लागलं तर ते रेघेखाली वाचता येतं.

तेलाच्या हाताची मला काळजी होती. पण मावशी वहीची पानंसुद्धा बोटाच्या मागच्या बाजूनं, पेरानं उलटायची, कागदाला तेल लागू नये म्हणून. टॅबवर पण ती तसंच करते आणि ते चालतं.

काही गोष्टी जमल्या नाहीत. स्कॅन पानांत शोध घेता येत नाही, त्यासाठी शेवटच्या पानावर टाइप केलेली अनुक्रमणिका करून लिंका दिल्यात. आणि वही किती भरलीय, किती उरलीय हे हातात धरून कळायचं, ते टॅबवर कळत नाही. मी खालच्या कोपऱ्यात १८/२०० असा पान नंबर टाकलाय, पण मावशी तो बघत नाही.

गड्डा झाला, ऑर्डर वेळेवर गेल्या. वहिनीचे फोन अजून येतात, पण प्रमाणासाठी कमी, गप्पांसाठी जास्त. जुनी वही मावशीनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवलीय. फेब्रुवारीत मी गेले तेव्हा ती ओट्याशी उभी राहून टॅबवर काहीतरी लिहीत होती. जवळ जाऊन बघितलं. १८ वं पान, जवसाची चटणी, समासात लाल अक्षरात जुन्या आकड्यावर एक आडवी रेघ, आणि तिच्या शेजारी छापील रेघेला टांगलेलं, "मीठ ॥ वाटी कमी".